आधी रस्ता आखू द्या

मागच्या पालकसभेत एका पालकांनी उभे राहून विचारले, "शनिवारी शाळेच्या संगणक कक्षात मुले गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळतात, हे खरे का?" हे खरे आहे, आणि त्याला जबाबदार प्रस्तुत लेखक आहे. बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यावर शनिवारचे दोन तास मी शाळेला देतो, आणि त्या दोन तासांत जे काही चालते ते माझ्या सांगण्यावरून चालते. मुख्याध्यापिकाबाईंनी त्या वेळी सौम्य उत्तर देऊन विषय मिटवला. पण आता विश्वस्त मंडळाच्या येत्या सभेपुढे "संगणक कक्षातील सर्व खेळ काढून टाकावेत" असा ठराव येणार असल्याचे समजते. तो मंजूर व्हावा की नाही, हे ठरवण्यापूर्वी दुसरी बाजू वाचली जावी, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम एक गोष्ट कबूल करतो. शनिवारी येणाऱ्या चौदा मुलांपैकी पाच जणांना फक्त गाडी पळवायची असते. त्यांच्यापुरती त्या पालकांची तक्रार रास्त आहे. त्या पाचांसाठी मी भांडणार नाही. माझे भांडण उरलेल्या नऊ जणांसाठी आहे. ही मुले गाडी क्वचितच चालवतात. ती रस्ता आखतात.

शर्यतीच्या अनेक खेळांत ट्रॅक तयार करण्याची सोय असते आणि ती बरीच जुनी आहे. निन्टेन्डो कंपनीच्या १९८४ सालच्या 'एक्साइटबाइक' या मोटारसायकलींच्या खेळात उंचवटे आणि चढ हवे तिथे बसवून आपला मार्ग तयार करता येत असे. १९९० साली आलेल्या 'स्टंट्स' या खेळात तीस गुणिले तीस चौकोनांचा पट होता. त्यावर सरळ रस्ता, वळण, पूल, उलटा गोल फेरा अशी तुकड्यांची मांडणी करायची. नऊशे घरांत काय बसवले आणि नऊशे घरांखालची जमीन कशी आहे, एवढीच नोंद असल्यामुळे एका ट्रॅकची फाइल अवघ्या १८०२ बाइटची होत असे. फ्रान्समधील नादेओ कंपनीचा 'ट्रॅकमेनिया' २००३ साली आला. त्यात तर ट्रॅक बांधणे हाच अर्धा खेळ होता. त्यातला एक नियम मला फार आवडतो. आपण बांधलेला ट्रॅक आपण स्वतः शेवटपर्यंत चालवून दाखवल्याशिवाय तो पक्का झाला असे धरत नाहीत, आणि बांधणाऱ्याने घेतलेली वेळ हीच पुढच्यांसाठी सर्वांत वरच्या पदकाची वेळ ठरते. चव घेतल्याशिवाय पंगतीला वाढायचे नाही, असाच हा प्रकार. आमच्या खात्यात हा नियम असता तर कित्येक रस्त्यांचे भले झाले असते, पण तो विषय वेगळा.

आपल्या कक्षात दोन प्रकारची साधने आहेत. एक ठोकळ्यांचे. तयार तुकडे एकमेकांना जोडत जायचे. पाचवी-सहावीच्या मुलांना ते लगेच जमते. तुकडे चौकोनात बसत असल्यामुळे सुरुवात आणि शेवट आपोआप जुळतात. पण वळण कसे हवे हे मूल ठरवत नाही, ठोकळा ठरवतो. दुसरे साधन मोकळ्या आखणीचे आहे. 'टॉर्क्स' नावाचा एक मुक्त खेळ आहे. त्याचे पूर्ण नाव 'द ओपन रेसिंग कार सिम्युलेटर'. तो जीपीएल परवान्याखाली फुकट मिळतो, त्याची घडण कोणीही उघडून पाहू शकतो आणि बदलूही शकतो. संगणकाने स्वतः चालवलेल्या गाड्यांच्या संशोधन-स्पर्धांसाठीही तो वापरला गेला आहे. त्यातला ट्रॅक म्हणजे एक लिहिलेली यादी असते. सरळ भाग असेल तर त्याची लांबी, वळण असेल तर उजवे की डावे, त्याची त्रिज्या किती मीटर आणि कंसाचा कोन किती अंश. नव्वद अंशांचे, पन्नास मीटर त्रिज्येचे वळण लिहिले, तर त्याची लांबी सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर मीटर. शाळेच्या भूमितीत कंसाच्या लांबीचे जे सूत्र मुले परीक्षेपुरते पाठ करतात, ते इथे रोज लागते.

आता मुद्द्यावर येतो. मोकळ्या आखणीचे साधन मुलांच्या हाती देण्याच्या दृष्टीने आज अपुरे आहे. मला ते हवे आहे, पण जसे आहे तसे नको. त्यात काय सुधारायला हवे, हे एका प्रसंगावरून सांगतो.

आठवीतल्या एका मुलीने सप्टेंबरमध्ये ट्रॅक आखायला घेतला. पाच उजवी वळणे आणि एक डावे. उजवी नव्वद, एकशे दहा, पंच्याहत्तर, पंच्याऐंशी आणि साठ अंशांची, डावे साठ अंशांचे. उजव्यांची बेरीज ४२०, त्यातून डावे ६० वजा केले की ३६०. पूर्ण फेरी मारून गाडी पुन्हा पहिल्याच दिशेला तोंड करून उभी राहायची, तर हे ३६० यायलाच हवेत, हे तिचे तिनेच शोधले होते. मी सांगितले नव्हते. तरी ट्रॅक मिटेना. ती म्हणाली, "काका, कोन सगळे बरोबर आहेत. तोंडही बरोबर दिशेला आहे. पण दोन टोके भेटत नाहीत." आम्ही कागदावर मोजले. शेवटचे टोक पहिल्या टोकापासून पूर्वेला १२ मीटर आणि दक्षिणेला ५ मीटर राहिले होते. म्हणजे सरळ अंतर १३ मीटर. पायथागोरस इतक्या स्वच्छ आकड्यांत समोर उभा राहील असे मलाही वाटले नव्हते. ट्रॅकची एकूण लांबी २०८० मीटर होती, म्हणजे एकशेसाठ मीटरला एक मीटर चूक.

ज्यांनी मोजणीचे काम केले आहे त्यांना हे लगेच ओळखू येईल. शेताच्या किंवा रस्त्याच्या कडेने साखळी आणि यंत्र घेऊन फेरी पूर्ण केली, की शेवटचा खुंट पहिल्या खुंटावर कधीच नेमका पडत नाही. त्याला आम्ही क्लोजिंग एरर म्हणत असू. ती चूक कोणा एकाच बाजूच्या माथी मारायची नाही, सगळ्या बाजूंवर त्यांच्या लांबीच्या प्रमाणात वाटून द्यायची, असा नियम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॅथानिएल बाउडिच या अमेरिकी गणितज्ञाने तो सांगितला आणि आजही मोजणीच्या पुस्तकांत तो त्याच्याच नावाने शिकवतात. मी मुलीला तो सांगितला. पाव वाटेवरचा, म्हणजे ५२० मीटरवरचा बिंदू ३ मीटर पश्चिमेला आणि सव्वा मीटर उत्तरेला सरकवायचा. अर्ध्या वाटेवरचा ६ आणि अडीच. असे करत शेवटचे टोक बरोबर १२ आणि ५ मीटर सरकते आणि फेरी मिटते. तिने आलेख कागदावर दोन शनिवार बसून ते केले. पण बिंदू सरकले की कोनही जरासे बदलतात, मग यादीतले सगळे आकडे पुन्हा लिहावे लागले. तिने तेही केले.

ही मेहनत वाया गेली असे मी म्हणणार नाही. पण पहिल्या दिवशी पडद्यावर साधनाने "पूर्वेला १२, दक्षिणेला ५" एवढे सांगितले असते तर? तिने चूक शोधायला जे तीन आठवडे घालवले, ते चूक समजून घ्यायला मिळाले असते. माझी पहिली मागणी हीच आहे. ट्रॅक मिटला नाही एवढेच सांगू नका. किती मिटला नाही आणि कोणत्या दिशेला, ते सांगा.

त्याहून चांगली वाट रस्त्याच्या कामातच आहे. आम्ही रस्ता आखताना वळणे आधी टाकत नाही. आधी सरळ रेषा. दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू पक्का करायचा, असे सगळे बिंदू जोडून नुसती कोनांची आकृती तयार करायची, आणि मग प्रत्येक कोपऱ्यात हव्या त्या त्रिज्येचे वळण बसवायचे. शर्यतीच्या ट्रॅकसाठी हीच पद्धत साधनात आणली तर ट्रॅक न मिटण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण मुलाने आधी बंद आकृतीच काढलेली असते. वळण कोपऱ्यात मावते का, एवढेच पाहावे लागते. नव्वद अंश वळायचे असेल तर कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना त्रिज्येइतकीच सरळ जागा लागते. पन्नास मीटरच्या त्रिज्येला पन्नास मीटर. एकशेवीस अंश वळायचे झाले तर त्याच त्रिज्येला सुमारे ८७ मीटर. शेजारच्या दोन कोपऱ्यांतील अंतर याहून कमी पडले की वळणे एकमेकांवर चढतात. तिथे साधनाने रेष लाल करावी, मूल त्रिज्या लहान करील किंवा कोपरा लांब नेईल. कोणाला काही सांगावे लागणार नाही.

दुसरी अडचण पाहण्याची. मूल आकडा बदलते, मग वेगळी आज्ञा देऊन रस्त्याचा त्रिमिती आराखडा पुन्हा तयार करावा लागतो, मग खेळ उघडायचा, ट्रॅक निवडायचा, सुरुवातीच्या रेषेपासून गाडी चालवत त्या वळणापर्यंत जायचे. आपल्या कक्षातील जुन्या यंत्रांवर या सगळ्याला काही मिनिटे जातात. तोवर आपण काय बदलले हेच मुले विसरतात. बदल केला की त्याच खिडकीत लगेच दिसावा, आणि गाडी कोणत्याही बिंदूवर ठेवून तिथूनच चालवता यावी. हे झाले तर माझे अर्धे काम संपेल.

तिसरी गोष्ट मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती पालकांच्या मनातल्या भीतीशी निगडित आहे. मुले वेगाला चटावतील, उद्या रस्त्यावर तशीच गाडी चालवतील, असे पालक म्हणतात. मी या भीतीला हसत नाही. इंदूरहून खंडव्याकडे जाताना भेरूघाटातली वळणे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. म्हणूनच मला वाटते की साधनाने प्रत्येक वळणाशेजारी एक आकडा दाखवावा. या त्रिज्येच्या वळणावर किती वेग सुरक्षित, तो. हा हिशेब अवघड नाही. ताशी किलोमीटरमधल्या वेगाचा वर्ग करायचा आणि त्रिज्येच्या १२७ पटीने भागायचे. उत्तर म्हणजे गाडीला वळणात धरून ठेवायला तिच्या वजनाच्या किती पट जोर लागतो ते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापदंडांप्रमाणे सपाट प्रदेशात रस्त्याची बाहेरची कड जास्तीत जास्त शेकडा सात इतकी उचलतात, आणि टायरच्या पकडीवर फक्त ०.१५ पट भरवसा ठेवतात. दोन्ही मिळून ०.२२. यावरून ताशी ८० किलोमीटरसाठी वळणाची त्रिज्या निदान २३० मीटर लागते.

आता खेळात एका मुलाने पन्नास मीटर त्रिज्येचे वळण टाकले आणि ताशी २०० ने तिथे शिरला. गाडी बाहेर फेकली गेली. तो चिडला, "खेळ बेकार आहे." आम्ही हिशेब केला. दोनशेचा वर्ग चाळीस हजार, भागिले १२७ गुणिले ५०. उत्तर ६.३. म्हणजे गाडीच्या वजनाच्या सहापटीहून जास्त जोर, जिथे खऱ्या रस्त्यावर आम्ही पाव पटीचाही भरवसा धरत नाही. तो मुलगा काही वेळ गप्प बसला. नंतर म्हणाला, "मग दादा भेरूघाटात ऐंशीने घेतो म्हणतो ते?" या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही. त्याने घरी जाऊन दिले असावे.

वळणाबद्दल आणखी एक. सरळ रस्ता एकदम वर्तुळाच्या कंसाला मिळाला, तर चालकाला चाक एका क्षणात वळवावे लागते. म्हणून खऱ्या रस्त्यावर आणि रेल्वेवर मध्ये एक हळूहळू आवळत जाणारा भाग ठेवतात. मागच्या वर्षी सहलीला मुले पाताळपाणी-कालाकुंड गाडीत बसली तेव्हा मी त्यांना खिडकीतून रूळ पाहायला सांगितले होते. निम्म्यांनी पाहिले, निम्म्यांनी माकडे पाहिली. टॉर्क्सच्या यादीत वळणाची सुरुवातीची आणि शेवटची त्रिज्या वेगळी देता येते, म्हणजे सोय आतमध्ये आहे. पण ती मुलांना सापडेल अशी ठेवलेली नाही. चांगल्या साधनात एक खूण असावी, ती केली की वळणाची दोन्ही तोंडे आपोआप मऊ व्हावीत.

जतन करण्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याबद्दल लिहिताना मला अजून त्रास होतो. 'एक्साइटबाइक' खेळाच्या यादीत ट्रॅक जतन करण्याचा पर्याय होता. त्यासाठी लागणारे कॅसेटचे यंत्र फक्त जपानात विकले जाई. बाकी जगातल्या मुलांच्या पडद्यावर शब्द होता आणि सोय नव्हती. त्यांनी बांधलेले ट्रॅक यंत्र बंद होताच पुसले गेले. हे वाचून आपण हसतो. पण पावसाळ्यात आपल्याच कक्षात वीज गेली आणि सातवीतल्या एका मुलाचा ठोकळ्यांचा ट्रॅक, तीन शनिवारांचे काम, गेला. पहिल्या शनिवारी जतन केलेली फाइलही पुन्हा उघडेना. त्याने आरडाओरडा केला नाही. दप्तर उचलले आणि गेला. त्यानंतर तो शनिवारी आलेला नाही, मी दोनदा निरोप पाठवूनसुद्धा. साधनाने दर काही मिनिटांनी आपण होऊन प्रत ठेवावी आणि जुन्या प्रती पुसू नयेत. चुकून केलेला बदल मागे घेता यावा, एकदा नव्हे, हवा तितक्या वेळा. मुले चुका करायला घाबरू लागली की आखणी थांबते.

शब्दांचाही प्रश्न आहे. पडद्यावर सगळे इंग्रजीत. आम्ही प्रत्येक संगणकाशेजारी एक कागद चिकटवला आहे. त्रिज्या, कंस, चढ, उतार, रुंदी. 'वळण' लिहिले तेव्हा मुलांनी विचारले, म्हणजे 'मोड' ना? इंदूरच्या मुलांचे हे असेच. शेवटी दोन्ही शब्द लिहिले. साधनातच मराठी शब्द आले तर तो कागद काढता येईल.

हे सगळे कोण करणार, असा प्रश्न विश्वस्त विचारतील आणि तो त्यांनी विचारलाच पाहिजे. टॉर्क्स मुक्त असल्यामुळे त्याला हात लावायला कोणाची परवानगी लागत नाही. शाळेचे दोन माजी विद्यार्थी शहरातच संगणकाच्या नोकरीत आहेत. त्यांनी सरळ रेषा आणि कोपऱ्यांची पद्धत, मिटण्यातली चूक दाखवणे आणि आपोआप प्रत ठेवणे, एवढे पहिल्या टप्प्यात करून देण्याची तयारी दाखवली आहे. वळणाचा सुरक्षित वेग त्यानंतर. मोबदला मागितलेला नाही. मुलांनी वापरून दोष सांगावेत, एवढीच त्यांची अट आहे. त्यासाठी कक्ष चालू राहायला हवा आणि खेळही यंत्रावर राहायला हवा, कारण रस्ता बरोबर आखला की नाही हे गाडी चालवल्याशिवाय कळत नाही. शाळेकडून मी दोन गोष्टी मागतो. कक्षातील सहा यंत्रांना वीज गेल्यावर काम जतन करण्यापुरता वेळ देणारा यूपीएस, आणि ठरावात एक दुरुस्ती: "सर्व खेळ काढावेत" याऐवजी "नुसत्या शर्यतीसाठी कक्ष वापरू नये, ज्याने ट्रॅक आखला असेल त्याने आपला ट्रॅक चालवून पाहावा."

त्या पाच मुलांचे काय, असे कोणी विचारील. या नियमाने त्यांना गाडी हवी असेल तर आधी निदान एक ट्रॅक मिटवावा लागेल. दोघे जण मिटवतील असा माझा अंदाज आहे. बाकीचे तिघे मैदानावर जातील, तेही वाईट नाही.

शनिवारी सकाळी नऊ ते अकरा कक्ष उघडा असतो. ठराव मांडणाऱ्या पालकांनी आणि विश्वस्तांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी सभेपूर्वी एकदा येऊन बसावे. आठवीतल्या त्या मुलीने आता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, स्वतःलाच पुलावरून ओलांडणारा ट्रॅक कागदावर काढला आहे. त्यात उजव्या आणि डाव्या वळणांची वजाबाकी ३६० येत नाही, शून्य येते, आणि असे का, हे ती सध्या भेटेल त्याला विचारते आहे.